खिडकीजवळचं टेबल

रोझ हिलच्या आमच्या दुकानात पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ आला, तेव्हा चंद्रमोहनभाऊंनी तो तळहातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि मला विचारलं, "आणि बाकीचा कुठे आहे?"

"एवढाच आहे, भाऊ."

"एवढ्यात काय मावणार? पानाचा डबा आहे हा."

मग त्यांनी त्याचं चाक फिरवलं. चाक पुरतं फिरायच्या आत डबा बोलायला लागला. व्हॉल्व्हचा रेडिओ कसा, लावला की आधी आतून उजळतो, जरा गुरगुरतो, घसा साफ करतो आणि मग बोलतो. घरातल्या वडीलधाऱ्यासारखा. हा आगाऊ पोरासारखा एकदम सुरू झाला. भाऊंनी तो काउंटरवर ठेवला, बोटं पुसली आणि म्हणाले, "खेळणं आहे. टिकायचं नाही."

पात्रों मागेच उभा होता. पात्रों म्हणजे मालक. उसाच्या या बेटावर सगळे आपापल्या मालकाला तेच म्हणतात, त्यामुळे त्याचं नाव सांगण्यात काही अर्थ नाही. भाऊंचं ते वाक्य त्याने जपून ठेवलं.

मी त्या दुकानात काउंटरवर होतो. विकणं माझं, दुरुस्त करणं भाऊंचं. समुद्रकाठच्या माझ्या सुरिनाम गावाच्या शाळेत मला जेवढं इंग्रजी आणि फ्रेंच मिळालं तेवढ्यावर मी कोणालाही काहीही विकू शकत असे, आतल्या वस्तूला काय म्हणतात हे मात्र भाऊंना विचारावं लागे. भाऊंचं टेबल खिडकीजवळ होतं. वर व्हॉल्व्हच्या खोक्यांची रांग, खाली मोडक्या रेडिओंचा ढीग, आणि मध्ये भाऊ, चष्मा कपाळावर. चष्मा डोळ्यांवर आला की समजायचं, आतलं दुखणं सापडलेलं नाही.

भाऊ मूळचे वर डोंगरातल्या नुव्हेल फ्रांस गावचे. तिथे पाऊस इतका, की माणसं वाळत घातलेले कपडे आठवणीने नाही, दयेने आत घेतात. बाप उसात, आजा उसात. दुसऱ्या महायुद्धात बेटावरची पोरं इंग्रजांबरोबर इजिप्तला गेली, त्यांत भाऊ होते. त्यांना नेलं होतं खणायला. उसातल्या माणसाला खणणं काय शिकवायचं, म्हणून फावल्या वेळात ते वायरलेसच्या तंबूपाशी जाऊन बसू लागले. तिथल्या एका सार्जंटला चहा करून देता देता रेडिओ शिकले. परत आले ते हातात पेचकस घेऊनच. कुंती, त्यांची धाकटी बहीण, सांगते की दादा मिसरातून काय आणतो म्हणून सगळं घर वाट बघत होतं, आणि दादाने पिशवीतून काढला जळका व्हॉल्व्ह.

त्यांची तपासायची रीत कुठल्या पुस्तकात नव्हती. चालू रेडिओच्या एका ठरावीक जागी ते बोट लावत. भोंग्यातून "भूंऽ" आलं की म्हणत, "इथपर्यंत जिवंत आहे." मग पुढे. आणि छोटी बॅटरी असली की तिला जीभ लावत. जिभेला चावली तर बरी, नाही चावली तर मेलेली. मी एकदा म्हटलं, "भाऊ, त्याला मीटर असतो." ते म्हणाले, "मीटर घरी विसरतो माणूस. जीभ विसरतो का?"

कॅरोलच्या वादळानंतर तर ते आमच्या भागातले धन्वंतरीच झाले. अर्ध्या बेटाची छपरं गेली आणि सगळ्यांचे रेडिओ भिजले. भाऊंनी ते उघडले, गोड्या पाण्याने धुतले, आणि समोरच्या पाववाल्याची भट्टी निवत आली की आत ठेवून वाळवले. पाव बाहेर, रेडिओ आत. बहुतेक बोलले. काहींना बरेच दिवस पावाचा वास येत होता, पण त्याची तक्रार कोणी केली नाही.

आता वर्षभरात हा डबा आला होता, आणि तो भराभर खपत होता. खेड्यांत वीज नव्हती. व्हॉल्व्हच्या रेडिओला विटेएवढी जड बॅटरी लागायची, याला चिमूटभर. मी विकत होतो आणि भाऊ खिडकीतून बघत होते.

"नवीन," त्यांनी एकदा मला नावाने हाक मारून जेवणाच्या सुट्टीत विचारलं. आम्ही पावात मिरचीची भजी घालून खात होतो. "याच्यात तापायला काही नाही. जळायला काही नाही. काच नाही. मग बिघडणार काय?"

"कंपनी म्हणते, काहीच नाही."

"मग मी काय करायचं?"

"गाणी ऐका."

ते हसले नाहीत. "कुंतीचा नवरा म्हणतो, वर ये, अर्धं शेत देतो, कोबी लाव. दर रविवारी म्हणतो. पूर्वी चेष्टेने म्हणायचा. आता कोबीच्या जाती सांगतो."

भाऊंना कोबीची भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं. माणसं मरणाला, सावकाराला, भुताला भितात. भाऊ कोबीला भीत होते.

त्यांची बायको इंद्राणीवहिनी आमच्या मंडळाच्या बैठकीत, म्हणजे सभेच्या खोलीत, शनिवारी पोरांना मराठी शिकवायच्या. त्यांना हे रडगाणं मान्य नव्हतं. "चुलीवर लाकूड होतं, मग रॉकेलचा स्टो आला," त्या म्हणाल्या. "मी काय जेवण करायचं सोडलं? स्टो शिकले. दोनदा भुवया जाळून घेतल्या, पण शिकले. तुम्हीपण जाळून घ्या."

म्हणून भाऊंनी भुवया जाळून घेतल्या. पात्रोंकडून दाखवायचा एक रेडिओ मागून घेतला, उघडला आणि टेबलावर मांडला. आत तपकिरी पाटी, तिच्यावर तांब्याचे रस्ते, आणि त्यांवर डाळीएवढे ट्रान्झिस्टर तीन पायांवर उभे. ते बराच वेळ नुसतेच बघत राहिले. मग आपल्या टेबलावरच्या बॅटरीच्या तारा काढल्या आणि काळी तार, म्हणजे निगेटिव्ह, सवयीप्रमाणे सांगाड्याला लावली. व्हॉल्व्हच्या रेडिओत सांगाडा निगेटिव्हच असतो. इजिप्तपासून भाऊंचा हात हे डोळे मिटून करत आला होता. या डब्यात मात्र बनवणाऱ्याने सगळं उलटं केलं होतं, सांगाडा पॉझिटिव्ह. डबा एकदा टिक म्हणाला आणि मग कधीच काही म्हणाला नाही.

पात्रोंने तो मेलेला डबा बघितला. "टिकायचं नाही म्हणाला होतास," तो म्हणाला. "कोरेक, अगदी बरोबर. तू शब्दाचा पक्का आहेस."

*

गणपतीच्या आधी जवळजवळ सगळा माल संपला. त्यात माझा हात होता. सुरिनामपासून नुव्हेल फ्रांसपर्यंत आमची जितकी मराठी माणसं होती, तितक्यांना मी पटवलं की गणपती येणार आणि घरात नुसता जुना टाळ वाजणार हे बरं दिसत नाही. आमची माणसं आली की रेडिओ मी विकायचो, पण हातात द्यायचे भाऊ. कारण लोकांचा माझ्यावर विश्वास नव्हता. भाऊ तो लावून दाखवत, बॅटरी कशी घालायची ते सांगत, आणि शेवटी दर वेळी तेच वाक्य: "घरी नेलात की आधी देवापुढे ठेवा. पूजा करा, मग लावा."

हे वाक्य जुनं होतं. खेड्यांत व्हॉल्व्हचे रेडिओ पहिल्यांदा गेले, तेव्हा पोरं मागची फळी काढून आत हात घालायची आणि त्या जड बॅटरीचा सणसणीत झटका खायची. भाऊंनी युक्ती काढली. रेडिओची पूजा करायला लावली. हळदकुंकू वाहिलेल्या वस्तूत हात घालायची कोणाची छाती होत नाही. झटके थांबले, रेडिओ टिकले, आणि भाऊंचं ते वाक्य गावोगाव रूढ झालं. बापाने मुलाला सांगावं इतकं. स्वतः भाऊंना आपण ते बोलतो हेही आता ऐकू येत नसावं. जसं आपण "या बसा" म्हणतो.

गणपती गेले आणि रेडिओ परत यायला लागले.

आधी एक, मग दोन, मग एका सकाळी दार उघडायच्या आधीच तिघं पायरीवर, मांडीवर रुमालात बांधलेले डबे. कोणाचा खरखरतो, कोणाचा कुजबुजतो, कोणाचा मुकाच. मी पेन घेऊन सगळ्यांची नावं विचारत होतो, आणि सगळे आमचेच. क्रिओल गिऱ्हाइकांनी नेलेले, चिनी दुकानदारांनी नेलेले, सगळे मजेत गात होते. परत येत होते ते फक्त भाऊंनी हातात दिलेले.

हे मला दिसलं, तर पात्रोंला का दिसू नये?

तो भाऊंच्या टेबलाशी आला. त्याचं बोलणं क्रिओलमध्ये, म्हणजे बेटाच्या रोजच्या बोलीत, सुरू व्हायचं आणि राग आला की फ्रेंचमध्ये जायचं. या वेळी पहिल्या शब्दापासून फ्रेंच. "तुझ्या हातून गेलेले मरतात. बाकीचे जगतात. तूच सांग, मी काय समजू?"

"मी काही केलं नाही, पात्रों."

"ट्रान्झिस्टर टिकले तर तुझं टेबल जातं. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे."

भाऊंचा चष्मा डोळ्यांवर आला.

"पुढचं जहाज येईपर्यंत बघतो," पात्रों म्हणाला. "तोपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर इथे मी काचेचं कपाट करतो. शोभेल खिडकीत."

आणि नुसतं म्हणून थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण सुतार आला आणि त्याने भाऊंच्या टेबलाचं माप घेतलं. सत्यनारायण आमच्यातलाच, भिडस्त माणूस. भाऊ टेबलावर काम करत असताना त्याला त्यांच्या कोपराखालून पट्टी सरकवावी लागली. "जरा हात, भाऊ," तो म्हणाला, न्हावी म्हणतो तसं. भाऊंनी हात उचलला. त्याने माप घेतलं. भाऊंनी हात ठेवला.

त्या दिवसापासून भाऊंनी परत आलेले रेडिओ एकेक करून उघडायला घेतले. मी काउंटरवरून बघत होतो. आणि मला मुंग्या दिसल्या.

"भाऊ, याच्यात मुंग्या आहेत."

"त्याच्यातपण होत्या," ते म्हणाले. "परवाच्यातपण."

पात्रोंनेही बघितल्या. "फुर्मी!" तो म्हणाला. "मुंग्यांना काय बातम्या ऐकायच्या आहेत?"

"साखरेच्या बेटावर मुंग्यांना रेडिओ चाटायची काय गरज," मी म्हटलं. मी आपला गंमत करत होतो. पण भाऊंनी मान वर करून माझ्याकडे असं बघितलं, की मी काहीतरी शहाणपणाचं बोललो असा मलाच संशय आला. त्यांनी ती तपकिरी पाटी उचलली, तोंडाजवळ नेली आणि तिला जीभ लावली.

पात्रोंने डोळे मिटून घेतले.

"गोड आहे," भाऊ म्हणाले.

"काय?"

"गोड. आणि जरा आंबूस." त्यांनी दुसरी पाटी चाटली. "हीपण." ती त्यांनी माझ्यापुढे धरली. मी नको म्हटलं. नोकरीच्या अटींत ते नव्हतं.

गोड का, ते मात्र कळेना. तांब्याच्या रस्त्यांवर चिकट डाग होते, काही ठिकाणी हिरवट बुरशीसारखं काही धरलं होतं, आणि त्या चिकट्यातून वीज नको तिथून नको तिकडे जात होती. भाऊंनी स्पिरिटने एक पाटी धुतली, वाळवली, आणि तो रेडिओ बोलला. म्हणजे ट्रान्झिस्टर मेले नव्हते, नुसते बुडाले होते. पण कशात? पात्रोंचं म्हणणं सोपं होतं: "गोड आहे तर कोणीतरी ओतलं. आणि ओतायला हात लागतो." तो भाऊंच्या हातांकडे बघून बोलला. पेचकस भाऊंनी खाली ठेवला.

*

त्या रविवारी ते नुव्हेल फ्रांसला गेले. मलाही घेऊन गेले, कारण तिथून आमच्या सुरिनामची बस मिळते आणि एकट्याने कोबीचं बोलणं ऐकायला त्यांना धीर होत नव्हता.

कुंतीताईंनी चहा ठेवला. त्यांच्या नवऱ्याने, यशपालने, कोबीचा विषय काढला. यंदा वरच्या तुकड्यात गड्डे कसे धरलेत, पाणी कसं आपोआप मिळतं, रेडिओसारखी कटकट कशी नाही. भाऊ मान हलवत होते. बाहेर धुकं होतं, अंगणातली काकडीची वेल त्यात अर्धी दिसत होती. मला वाटलं, हा माणूस आज हो म्हणणार. त्यांनी तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात कुंतीताई म्हणाल्या, "दादा, बरा आलास. नवीन रेडिओ आणलाय यांनी, परवाच. दुकानात तू नव्हतास, त्या दुसऱ्याने दिला." तो दुसरा म्हणजे मी, मी चहात बघितलं. "पूजा राहिली होती. तुझ्या हातानं होऊ दे."

देवघरापुढे पाट मांडला. पूर्वी पाटावर व्हॉल्व्हचा रेडिओ मावत नसे. तो कपाटावरच बसायचा आणि पूजा खालून व्हायची, उंच देवाची होते तशी. हा डबा मात्र ताम्हनातच मावला. कुंतीताईंनी तो आडवा, तोंड वर करून ठेवला, म्हणजे जाळी वर. वर हळद, कुंकू, एक जास्वंद. यशपालने पाट्याच्या वरवंट्यावर नारळ आपटला, पाणी वाटीत धरलं. कुंतीताईंनी आंब्याचं पान त्या वाटीत बुडवलं आणि रेडिओच्या जाळीवर शिंपडायला हात उचलला.

भाऊ उठले नाहीत, पुढे झुकले आणि ताम्हनावर आपली टोपी ठेवली.

सगळे थांबले. पानावरून थेंब टोपीवर पडले.

"दादा?" कुंतीताई म्हणाल्या.

"सगळे असंच करतात?" भाऊंनी विचारलं. आवाज अगदी हळू.

"म्हणजे काय? नव्या वस्तूवर नारळाचं पाणी घालायचं नाही तर काय? बैलगाडीवर घातलं, शिलाईच्या मशीनवर घातलं. आणि तूच तर सांगतोस सगळ्यांना, आधी देवापुढे ठेवा."

"मी सांगतो," भाऊ म्हणाले.

ते वाक्य त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं असावं. जुन्या रेडिओला जाड लाकडाची पेटी होती, चार थेंब पडले तर फडक्याने पुसले जात, आत गेलेच तर व्हॉल्व्हच्या उबेने वाळत. या डब्याला ऊब नाही, आणि वर सगळी भोकंच. देवाचं नाव घेऊन सगळा दक्षिण भाग त्याच्या पोटात शहाळं ओतत होता, आणि ओता म्हणून सांगत होते स्वतः चंद्रमोहनभाऊ. पात्रों एका अर्थी बरोबर होता. हात लागतो.

भाऊंनी ते पान कुंतीताईंकडून घेतलं, वाटीतलं पाणी एका बोटाने जिभेवर ठेवलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"मग कोबीचं काय?" यशपालने विचारलं. चांगल्या मनाचा माणूस, पण एका वेळी एकच विषय धरणारा.

"गड्डा एक बांधून दे," भाऊ म्हणाले. "भाजीला नेतो."

*

थांब्यावर बसची वाट बघताना मी त्यांना म्हटलं, "भाऊ, पात्रोंला एवढंच सांगा, गिऱ्हाइकं नारळाचं पाणी घालतात. तुम्ही सांगितलंत ते कशाला सांगायचं?"

"आणि उद्या कोणी गिऱ्हाईक म्हणालं, चंद्रमोहननेच सांगितलं, तर?"

"तर तेव्हा बघू."

"तू विकतोस म्हणून तुला असं सुचतं," ते म्हणाले. यात मला लागण्यासारखं बरंच होतं, पण ते बरोबरही होतं.

सोमवारी सकाळी ते बाजारातून नारळ घेऊन आले. पात्रों आल्यावर त्याच्यापुढे टेबलावर एक धडधाकट रेडिओ ठेवला, लावला, नारळ फोडला आणि सगळं सांगितलं. पूजा, पान, पाणी. आणि मग, "हे मीच त्यांना सांगत आलोय. झटका बसू नये म्हणून सांगायला लागलो, मग सांगतच राहिलो. मी ओतलं नाही. पण ओतायला मीच लावलं."

मी काउंटरवर उगाच फडकं फिरवत होतो.

पात्रोंने त्या नारळाकडे बघितलं. "शिंपड," तो म्हणाला.

भाऊंनी शिंपडलं. रेडिओ गात राहिला. पात्रों खुर्ची ओढून बसला, पाय लांब केले, सिगारेट लावली. आम्ही गिऱ्हाइकं केली, पाववाल्याचा पोरगा पाव देऊन गेला. दुपारी त्या गाण्यातली बाई जरा घोगरी झाली. मग तिला सर्दी झाली. मग ती गेली आणि नुसती खरखर राहिली. पात्रों उठून जवळ गेला, आणि पहिली मुंगी टेबलाच्या पायावरून चढताना त्यानेच मला दाखवली.

सत्यनारायण सुतार त्याच वेळी कपाटाची लाकडं आणि व्हार्निशचा डबा घेऊन दारात आला. वाईट वेळी यायचं त्याचं कौशल्य होतं. भाऊंनी त्याच्या हातातल्या डब्याकडे बघितलं.

"हे पातळ आहे का रे?"

"पातळ करता येतं, भाऊ. का?"

भाऊंनी ती पाटी स्पिरिटने धुतली, पंख्यापुढे वाळवली, आणि सुताराच्याच कुंचल्याने तांब्याच्या रस्त्यांवर व्हार्निशचा एक पातळ हात दिला. नुसता चमकण्यापुरता. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर रेडिओ जोडला. तो बोलला. मग उरलेलं पाणी, जे आता चांगलंच आंबलं होतं, त्यांनी पानाने नाही तर वाटीनेच जाळीवर ओतलं. पात्रोंने तोंड दुसरीकडे फिरवलं, मीही. बाई गात राहिली. संध्याकाळी दुकान बंद करतानाही गात होती.

पात्रोंने चावी खिशात घातली. "तुझ्या लोकांना तूच बिघडवलंस," तो क्रिओलमध्ये म्हणाला, म्हणजे राग गेला होता. "आता सुधारणारही तूच. एकेका डब्याला हे लावूनच दुकानाबाहेर सोडायचा. दमट गावात जाणाऱ्याला आधी. आणि देवापुढे ठेवा म्हणायचं बंद."

"ते बंद होणार नाही, पात्रों," भाऊ म्हणाले. "ठेवतील ते. मी म्हणेन, ठेवा, पण उभा ठेवा, आणि नारळ अंगणात."

पात्रोंने खांदे उडवले. मग सत्यनारायणला म्हणाला, काचेचं कपाट त्या समोरच्या भिंतीला कर, इथे उजेड आहे, इथे माणूस बसतो.

सत्यनारायणने पुन्हा पट्टी काढली आणि समोरची भिंत मोजली. तिथे कोणाचं कोपर नव्हतं, त्यामुळे त्याचा जीव भांड्यात पडला. व्हार्निशचा डबा मात्र त्याला परत मिळाला नाही.

पुढच्या जहाजाने आलेले रेडिओ भाऊंनी एकेक करून उघडले. उघडता उघडता ते शिकले. त्या डाळीएवढ्या जिवाला सोल्डरची धग सोसत नाही, म्हणून त्याचा पाय चिमट्यात धरायचा. सांगाडा कुठे पॉझिटिव्ह, कुठे निगेटिव्ह हे आधी विचारायचं आणि मगच हात लावायचा. बोट लावून "भूंऽ" ऐकायची रीत इथेही चालते, हे कळलं त्या दिवशी त्यांनी मला काउंटरवरून बोलावून ऐकवलं. आवाज जरा बारीक होता. "पोरगं आहे," ते म्हणाले, "पण घराण्यातलंच आहे." आणि बिघडणार काय, या त्यांच्या प्रश्नाला बेटाने पोटभर उत्तर दिलं. वरच्या गावांत धुकं, खाली आमच्या सुरिनामला समुद्राचं खारं वारं, आणि सगळीकडे कापराची काजळी. कंपनीच्या कागदात यातलं काहीच नव्हतं. टेबलाखालचा ढीग पुन्हा वाढला. यशपालने कोबीचं बोलणं सोडलं; आता तो बटाट्याचं बोलतो, पण ते माझ्याशी.

पासष्ट साली टेलिव्हिजन आला. पात्रोंने पहिला आणून काचेच्या कपाटाशेजारी ठेवला. भाऊ त्याच्याभोवती एक फेरी मारून आले आणि मागे वाकून आतली काचेची मोठी नळी, आणि हो, ओळखीचे जुने व्हॉल्व्ह आत रांगेने बसलेले बघून इतके खूश झाले, की मला वाटलं त्यांना कोणी जुनं भेटायला आलंय.

"आता हे शिकायचं," ते म्हणाले.

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर बघतोय." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

दुपारी कुंतीताईंचा निरोप आला. त्यांच्या गावात आता वीज आली, पुढारी टेलिव्हिजन घेणार म्हणतात, तर दादाला विचार, एवढ्या मोठ्या वस्तूला नारळ एक पुरेल की दोन, आणि फोडायचा कुठे.

"दोन," भाऊ म्हणाले. "दोन्ही अंगणात. आणि सांग, बंद केल्यावरसुद्धा आत हात घालायचा नाही, याच्या पोटात झटका राहतो. याला मात्र खरंच देव समजा."

मी निरोप लिहून घेतला. मग, ते मागे वाकलेलेच होते आणि त्यांची सवय मला माहीत होती, म्हणून म्हटलं, "भाऊ, जीभ."

"माहीत आहे," ते आतूनच म्हणाले. "मीटर आणलाय आज."